चुंबकाचे नवे यंत्र आणि जुना मलावष्टंभ

वैद्यकीय अधिवेशनांच्या मंडपांत चूर्ण-वटी-आसवांच्या दालनांना लागूनच आता यंत्रविक्रेत्यांची दालने थाटलेली दिसू लागली आहेत. त्यांपैकी काहींत चुंबकीय उत्तेजनाची खुर्ची किंवा कमरेवर धरावयाची कॉइल मांडलेली असते. तिच्या पत्रकावर मूत्राचा असंयम, कटिशूल, प्रसूतीनंतरचे दौर्बल्य या जुन्या नावांच्या सोबतीला 'आयबीएसमधील मलावष्टंभ' हे नावही छापलेले आढळते. पत्रकाच्या खालच्या भागात बहुधा एक वाक्य खास आपल्यासाठी असते : हे यंत्र अपानवायूचे अनुलोमन करते. यंत्र लाखांच्या घरातले असले तरी हप्त्यांची सोय असते, आणि रोज दहा रुग्ण बसले तर ते किती महिन्यांत फिटेल याचे गणितही विक्रेता तोंडपाठ सांगतो. या गणितापूर्वी काही प्रश्न विचारले जावेत, एवढ्यासाठीच हे टिपण आम्ही लिहीत आहोत. आमच्या मते आज हे यंत्र आयबीएसच्या मलावष्टंभासाठी विकत घेण्यासारखे नाही. मात्र त्यामागची कल्पना हसण्यावारी नेण्याजोगीही नाही.

प्रथम एक घोळ मिटविणे अवश्य आहे. 'चुंबकचिकित्सा' या एकाच शब्दाखाली दोन अगदी निराळ्या गोष्टी बाजारात फिरतात. पहिली म्हणजे स्थिर चुंबक बसविलेले पट्टे, गाद्या, पादत्राणे आणि 'चुंबकीय पाणी'. दुसरी म्हणजे क्षणोक्षणी बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्राने मज्जातंतूंस उद्दीपित करणारी कॉइल. फॅरेडेने १८३१ साली दाखवून दिले की, चुंबकीय क्षेत्र बदलते तेव्हाच जवळच्या वाहकात विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. क्षेत्र स्थिर असेल आणि वाहकही स्थिर असेल, तर प्रवाह नाही. कॉइलमधून हजारो अँपिअरचा प्रवाह एका मिलिसेकंदाहूनही कमी काळ सोडला जातो, त्वचेशी एक-दोन टेस्लाचे क्षेत्र क्षणभर उमटते व मावळते, आणि त्या उमटण्या-मावळण्यामुळे आतील मज्जातंतूत उद्दीपन होते. कपडे, त्वचा, अस्थी यांचा त्याला अडथळा होत नाही. विजेच्या पट्ट्या त्वचेवर चिकटवून दिलेल्या उत्तेजनात जी टोचणी होते, तीही येथे पुष्कळ कमी असते. इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली डोक्यावर कॉइल धरून माणसाच्या हाताचे स्नायू हलवून दाखविले, तेथून या विद्येचा आधुनिक प्रवास सुरू झाला. नैराश्याच्या चिकित्सेसाठी तिला अमेरिकेत २००८ साली मान्यता मिळाली. श्रोणितलाच्या स्नायूंसाठी खुर्चीच्या रूपातील यंत्र मूत्राच्या असंयमाकरिता तेथे १९९८ पासूनच आले होते.

पट्ट्याचे तसे नाही. एमआरआय यंत्रात रुग्ण अर्धा-पाऊण तास दीड टेस्लाच्या स्थिर क्षेत्रात पडून असतो. तेथून उठल्यावर कोणाचा जुनाट मलावष्टंभ गेल्याचे ऐकिवात नाही. पट्ट्यातील चुंबक त्याहून कितीतरी दुर्बळ असतो, आणि त्याचे क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होते. तेव्हा कॉइलविषयीचे संशोधन पुढे करून पट्टा विकणे म्हणजे रेल्वेच्या वेळापत्रकावर बैलगाडीचे तिकीट फाडणे होय. हे आम्ही आपल्या औषधविक्रेत्या बंधूंस उद्देशून मुद्दाम लिहितो, कारण पट्टे खपतात ते त्यांच्याच काउंटरवरून.

चुंबकाच्या नावाचा मोह जुना आहे. पॅरिसमध्ये मेस्मरच्या 'प्राणिज चुंबकत्वा'ने एवढी खळबळ उडविली होती की, १७८४ साली सोळाव्या लुईने चौकशीसाठी आयोग नेमला. बेंजामिन फ्रँकलिन आणि लव्हॉझिए यांच्यासारखे लोक त्यात होते. त्यांनी रुग्णांना न सांगता कधी 'चुंबकित' वस्तू दिली, कधी साधी दिली, आणि रुग्णास जे वाटते त्यावरच परिणाम होतो असे दाखवून दिले. रुग्णाला अंधारात ठेवून केलेली तुलना ही आजच्या औषधपरीक्षणाची आजी म्हणावी लागेल.

आपल्याकडे लगेच दुसरे टोक गाठले जाते : हे सारे आमच्या ग्रंथांत होतेच. सुश्रुताच्या सूत्रस्थानातील शल्यापनयनीय या सत्ताविसाव्या अध्यायात शल्य काढण्याचे जे पंधरा उपाय सांगितले आहेत, त्यांत अयस्कान्त आहे, हे खरेच. परंतु तेथे तो लोहाचे शल्य ओढून काढण्यासाठी आहे, मज्जातंतू उद्दीपित करण्यासाठी नाही. रसशास्त्रातील भ्रामक, चुंबक, कर्षक, द्रावक, रोमक हे कान्ताचे भेदही भस्मासाठी आहेत. सुश्रुताकडून घेण्यासारखे निराळेच काही आहे. अयस्कान्त कोठे वापरावा हे सांगताना शल्य अनुलोम असावे, घट्ट रुतलेले नसावे, त्याला काटे वा कर्ण नसावेत, व्रणाचे मुख मोठे असावे, अशा अटी तो घालतो. साधन चालते एवढ्यावर तो थांबत नाही, ते कोणत्या स्थितीत चालते हे तो विचारतो. यंत्राच्या पत्रकात नेमकी हीच गोष्ट नसते.

तर मग कोणती स्थिती? आयबीएसमधील मलावष्टंभ हा केवळ मलावष्टंभ नव्हे. २०१६ च्या रोम-४ निकषांप्रमाणे आधी उदरशूल हवा : गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून निदान एक दिवस, आणि मलप्रवृत्ती, तिची वारंवारता व मलाचे स्वरूप यांपैकी निदान दोहोंशी त्याचा संबंध हवा; तक्रारीचा आरंभ निदान सहा महिन्यांपूर्वीचा हवा. त्यातही चौथ्या हिश्श्याहून अधिक वेळा मल खड्यांसारखा वा गाठाळ असेल, आणि पातळ चौथ्या हिश्श्याहून कमी वेळा, तर तो मलावष्टंभप्रधान प्रकार. आपल्या परिभाषेत हा रुग्ण कधी वातज ग्रहणीत बसतो, कधी उदावर्तात, कधी नुसत्या क्रूर कोष्ठात. एका इंग्रजी नावाला एक संस्कृत नाव लावून मोकळे होण्याची सवय आपण सोडली पाहिजे. मुद्दा असा की, आतडे केवळ हालविले म्हणजे हा रुग्ण बरा होत नाही. रोज दोनदा शौचास जाऊनही 'पोट साफ झाले नाही, दुखते' म्हणणारे रुग्ण आपणा सर्वांच्या परिचयाचे आहेत.

या रुग्णांसाठी कॉइल दोन ठिकाणी धरतात. एक, त्रिकास्थीवर, जेथून दुसऱ्या ते चौथ्या त्रिक मज्जारज्जुमुळांचे तंतू मलाशय व गुदाकडे जातात. अपानाचे स्थान ज्यांनी पाठ केले आहे, त्यांना ही जागा अनोळखी वाटणार नाही. दुसरे, डोक्यावर, वेदनेची जाण कमी व्हावी या हेतूने. दोन्ही कल्पना सयुक्तिक आहेत. पृष्ठरज्जूच्या आघाताने मलप्रवृत्ती बिघडलेल्या मोजक्या रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या व २००१ साली प्रसिद्ध झालेल्या कामात बृहदंत्रातून मल सरकण्याचा सरासरी काळ सुमारे १०५ तासांवरून ८९ तासांवर आला होता. परंतु मज्जारज्जू तुटलेला रुग्ण आणि परीक्षेच्या काळजीने पोट धरून बसणारा विद्यार्थी यांची संप्राप्ती एक नाही. आयबीएसच्या रुग्णांवरील या पद्धतीचे प्रयोग लहान आहेत, त्यांचा पाठपुरावा आठवड्यांचा आहे, वर्षांचा नाही.

येथे शेजारच्या एका विद्येचा इतिहास ध्यानी घ्यावा. त्याच त्रिक मुळांपाशी शस्त्रक्रियेने तार बसवून सतत सौम्य विद्युत उत्तेजन देण्याची पद्धत आहे. मलाच्या असंयमासाठी ती उपयोगी ठरली आणि २०११ साली अमेरिकेत मान्यही झाली. मग ती मलावष्टंभाकरिता वापरली गेली. आरंभीचे खुले अनुभव उत्साहवर्धक होते. पण उपकरण चालू आहे की बंद हे रुग्णाला कळू न देता तुलना केली, तेव्हा ऑस्ट्रेलियातील २०१५ च्या व फ्रान्समधील २०१७ च्या प्रयोगांत चालू आणि बंद यांत लक्षणीय फरक दिसला नाही. शरीरात तार बसवूनही जे सिद्ध झाले नाही, ते बाहेरून आठवड्यातून तीन बैठकांत होईल असे गृहीत धरण्यास अधिक भक्कम आधार हवा. शिवाय कॉइलच्या बाबतीत रुग्णास अंधारात ठेवणे अवघड असते : ती टकटक आवाज करते, कमरेचे स्नायू फडफडतात, आणि खोटी कॉइल कोणती हे चाणाक्ष रुग्ण ओळखतो.

आयबीएसमध्ये तर हा प्रश्न अधिकच बिकट. हार्वर्डचे टेड कॅप्चुक व सहकाऱ्यांनी २००८ साली २६२ रुग्णांचे तीन गट केले. नुसत्या प्रतीक्षायादीतील २८ टक्के, खोट्या सुयांचा उपचार कोरडेपणाने मिळालेले ४४ टक्के, आणि तोच खोटा उपचार आपुलकीने, वेळ देऊन मिळालेले ६२ टक्के रुग्ण बरे वाटल्याचे सांगत होते. त्याच चमूने २०१० साली ८० रुग्णांत आणखी पुढचे पाऊल टाकले : गोळी औषधहीन आहे असे स्पष्ट सांगून ती दिली, तरी ५९ टक्क्यांना आराम वाटला, न देणाऱ्या गटात ३५ टक्क्यांना. या रोगात खुर्चीवर बसवून, वीस मिनिटे विचारपूस करून, टकटक ऐकवून पन्नास टक्के रुग्णांना बरे वाटले, तर त्यात खुर्चीचे श्रेय किती, हे तुलनेवाचून कोणालाही सांगता येणार नाही. आमच्या यंत्राने शंभरातील साठ बरे केले, असे विक्रेता सांगतो तेव्हा त्याला एवढेच विचारावे : आपुलकीचे किती, आणि चुंबकाचे किती?

घाईची किंमत औषधांच्या बाबतीत आपण पाहिली आहे. याच प्रकारच्या आयबीएससाठी टेगासेरॉड २००२ साली अमेरिकेत आले, मोठ्या गाजावाजाने खपले, हृदयरोगाच्या धोक्याच्या कारणावरून मार्च २००७ मध्ये त्याची विक्री थांबविण्यात आली, आणि भारतात २०११ साली त्यावर बंदी आली. कॉइलचे धोके तसे मोठे दिसत नाहीत, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. मात्र हृदयात पेसमेकर, कानात कॉक्लिअर इम्प्लांट, उत्तेजनाच्या जागी धातूचे रोपण, गर्भारपण आणि डोक्यावर वापरताना अपस्माराचा इतिहास, या ठिकाणी ती वर्ज्यच होय. पत्रकात ही यादी बारीक अक्षरांत असते.

खरा धोका निराळा आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक निवृत्त गृहस्थ आले. वय साठीच्या आसपास. वर्षभरापासून मलावष्टंभ. कमरेस चुंबकाचा पट्टा, शिवाय एका ठिकाणी 'चुंबकीय आसना'च्या बारा बैठका झालेल्या. प्रत्येक बैठकीनंतर थोडे मोकळे वाटे, म्हणून त्यांनी पुढच्या बाराचे पैसेही भरले होते. मलाबरोबर रक्त पडते का, हे त्यांना कोणी विचारले नव्हते. पडत होते, मूळव्याध समजून ते गप्प होते. वजन सहा किलोने उतरले होते, पण पथ्यामुळे उतरले असा त्यांचा समज होता. आम्ही गुदपरीक्षण केले आणि त्याच दिवशी त्यांना शल्यचिकित्सकाकडे पाठविले. मलाशयात अर्बुद निघाले. बारा बैठकांत तीन महिने गेले होते. यंत्राने त्यांचे काही बिघडविले नाही. त्याने केवळ वेळ खाल्ला.

म्हणून यंत्राआधी परीक्षण. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला मलावष्टंभ, मलातून रक्त, अकारण वजन उतरणे, पांडुता, झोपेतून उठविणारा शूल, घराण्यात बृहदंत्राच्या अर्बुदाचा इतिहास : यांपैकी एकही असेल, तर 'आयबीएस' हा शब्द तूर्त बाजूला ठेवावा. लोह, कॅल्शियम, वेदनाशामक अफूजन्य औषधे, रक्तदाबावरील व्हेरापामिल, यांपैकी काही चालू आहे का ते पाहावे. थायरॉइड तपासावे. आणि गुदपरीक्षण करावे. हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो, कारण ते सर्वांस ठाऊक आहे. तरी ते किती ठिकाणी होते, याचे उत्तर ज्याने त्याने द्यावे. परीक्षण करतानाच रुग्णास कुंथावयास सांगितले, तर बोटाला आणखी एक गोष्ट कळते. कित्येकांत गुदाचे स्नायू सैल होण्याऐवजी आवळले जातात. असा रुग्ण कितीही विरेचन घेवो, दाराशी अडखळतो. त्याला उपयोग होतो तो स्नायू सैल सोडण्याच्या शिक्षणाचा, ज्यास बायोफीडबॅक म्हणतात. आधीच आवळणाऱ्या स्नायूंना खुर्चीवर बसवून आणखी आकुंचन शिकविण्यात कोणते शहाणपण? या रुग्णांपैकी अनेकांत सकाळच्या घाईत वेग दाबण्याची सवय आढळते. अष्टांगहृदयाचा रोगानुत्पादनीय अध्याय आणि चरकाचा न वेगान्धारणीय अध्याय यांत ती रोगाचे कारण म्हणून सांगितलीच आहे. गुडघेदुखीमुळे कमोड आलेल्या घरांत पायांखाली वीतभर उंचीचा पाट ठेवण्याचा सल्ला आम्ही देतो. त्याला हप्ते लागत नाहीत.

औषधविक्रेत्यांनाही यात मोठे काम आहे. सनाय अथवा सोनामुखी असलेली चूर्णे महिन्यामागून महिने नेणारे गिऱ्हाईक त्यांना चेहऱ्याने ओळखीचे असते. 'रक्त पडते का, वजन उतरले का' हे दोन प्रश्न त्यांनी काउंटरवर विचारले आणि होकार मिळाल्यास वैद्याकडे वा डॉक्टरकडे पाठविले, तर अशा काही रुग्णांचे महिने वाचतील. आयबीएसच्या रुग्णाने 'पोट साफ करणारे काहीतरी' मागितल्यास कोंड्यापेक्षा इसबगोल बरा : नेदरलँड्समधील २७५ रुग्णांच्या २००९ च्या परीक्षणात इसबगोलाने लाभ दिसला, कोंड्याने विशेष नाही. तो भरपूर पाण्याबरोबर घ्यावा, हे मात्र पुडीबरोबर सांगावे. पट्ट्यांच्या बाबतीत एक व्यवहाराची गोष्ट. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनंतर १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. एखादे उपकरण रोग बरा करते असे म्हणून विकावयाचे असेल, तर त्याची नोंदणी कोणत्या उपयोगासाठी आहे, हे पुरवठादारास लेखी विचारण्याचा अधिकार विक्रेत्यास आहे. उत्तर न देणाऱ्याचा माल ठेवू नये.

आता आपल्या घरातले बोलू. कॉइलला जे प्रश्न आम्ही विचारले, ते उद्या कोणी आपल्या बस्तीला विचारील, आणि विचारावेतच. वातासाठी बस्तीला चरकाने अर्धी चिकित्सा म्हटले. निरूह व अनुवासन, एरंडतेल, गंधर्वहरीतकी, त्रिफळा, हिंगाचे योग : या रुग्णांत त्यांचा उपयोग होतो, असा आमचा अनुभव आहे. परंतु कॅप्चुक यांचे आकडे आमच्याही खोलीला लागू आहेत. स्नेहन-स्वेदन करून, आठ दिवस रोज तासभर माणूस जवळ राहून दिलेल्या बस्तीत आपुलकी थोडी नसते. त्यातील एरंडमूळ किती आणि जवळीक किती, हे आम्ही मोजलेले नाही. 'आयुर्वेदाला पाश्चात्त्य मोजमाप लागू पडत नाही' असे म्हणून हा प्रश्न टाळणारे विद्वान यंत्रविक्रेत्यासमोर मात्र पुरावा मागतात. तेव्हा त्यांच्या मागणीत बळ उरत नाही.

मोजणे फारसे अवघडही नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ साली या रोगासाठी औषधांची कसोटी सांगितली : पोटदुखी तीस टक्क्यांनी घटावी, आणि आपोआप व पूर्ण समाधानाने होणाऱ्या मलप्रवृत्तींची आठवड्याची संख्या निदान एकाने वाढावी, व हे दोन्ही एकाच आठवड्यात, निम्म्याहून कमी नसलेल्या आठवड्यांत दिसावे. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. रुग्णाच्या हाती एक कागद द्यावा. त्यावर रोजची पोटदुखी शून्य ते दहा, मलप्रवृत्ती किती, समाधान झाले की नाही, मलाचे स्वरूप ब्रिस्टल तक्त्याच्या सात चित्रांपैकी कोणते, आणि त्या दिवशी रेचक घेतले का, एवढे पाच रकाने. बस्तीपूर्वी दोन आठवडे, नंतर बारा आठवडे.

आपल्या संघटनेकडे आमच्या दोन विनंत्या आहेत. पुढील अधिवेशनात यंत्रविक्रेत्यांस दालन देताना पत्रकावरील प्रत्येक रोगनामापुढे त्याचा आधार लिहून मागावा. जो देणार नाही त्याचे भाडे स्वीकारू नये, मग मंडपाचा खर्च आपणा सभासदांस थोडा अधिक पडला तरी चालेल. दुसरी विनंती वरील पाच रकान्यांच्या कागदाची. त्याचा मराठी नमुना त्रैमासिकाच्या पुढील अंकात सुटा घालावा. ज्या सभासदांकडे बस्तीची सोय आहे, त्यांनी पुढील वर्षभरातील आपल्या पहिल्या दहा रुग्णांचे कागद, नाव-गाव झाकून, कार्यालयाकडे धाडावेत. बरे झालेल्यांचे आणि न झालेल्यांचेही.